पहिली दहा मिनिटं नीट चालते, मग डावा पाय घासायला लागतो. एमएस असलेल्यांनी आणि फिजिओंनी कृपया सांगा

मुक्काम_नौपाडा

माझं वय ४१. एमएसचं, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचं (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण जाण्याचा आजार), निदान होऊन आठ वर्षं झाली. राहते ठाण्यात, नौपाड्यात, आणि नोकरी वाशीला. रोज सकाळी गोखले रोडने चालत स्टेशन गाठायचं, पूल ओलांडून पार पलीकडच्या ९-१० नंबरच्या फलाटावर जायचं, तिथून वाशी किंवा पनवेल गाडी. अशी माझी बरीच वर्षं गेली.

घरातून निघते तेव्हा मी अगदी नीट चालते. बिल्डिंगमधल्या कित्येकांना मला काही आजार आहे हेच माहीत नाही. पण दहाएक मिनिटांनी डावं पाऊल जड व्हायला लागतं. आधी आवाज येतो, चपलेचं टोक फुटपाथच्या लादीला घासल्याचा. मग ठेचा लागायला लागतात. स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्यांशी पोचते तेव्हा डावा पाय हाताने उचलून वरच्या पायरीवर ठेवावासा वाटतो. फलाटावर बाकावर पाच-सात मिनिटं बसले की बराचसा पूर्वीसारखा होतो.

हे सगळ्यात आधी ओळखलं ते आमच्या कोपऱ्यावरच्या चप्पल शिवणाऱ्या काकांनी. दिवाळीच्या सुमारास टाका घालायला चप्पल दिली तर म्हणाले, "ताई, तुमच्या डाव्या चपलेचा पुढचा भागच कसा झिजतो? टाच तर कोरी आहे." तेव्हा मी हसून सोडून दिलं. घासण्याचा आवाज माझा मला ऐकू आला तो त्यानंतर दोन महिन्यांनी.

माझी अडचण अशी की न्यूरोंच्या, म्हणजे माझ्या न्यूरोलॉजिस्टच्या, केबिनमध्ये यातलं काहीच दिसत नाही. तिथे मी रिक्षाने जाते, एसीत पाऊण तास बसते, मग नंबर लागतो. ते घड्याळ लावून २५ फूट चालवतात. सहा सेकंदांच्या आसपास वेळ येते. "छान, मागच्या वेळेइतकंच आहे." मी सांगते की दहा मिनिटांनी पाय ओढला जातो, तर फाइलमध्ये 'थकवा' असं लिहिलं जातं. पण मला दम लागत नाही, झोप येत नाही. फक्त पाऊल उचलत नाही.

घरी नवरा काळजीपोटी म्हणतो, "लक्ष देऊन चाल ना." आणि खरंच, लक्ष दिलं की थोडं बरं चालते. मैत्रिणीशी बोलत निघाले की लगेच अडखळते. त्यामुळे आता माझी मलाच शंका यायला लागली आहे की हा आजार आहे की माझा हलगर्जीपणा. सासूबाईंनी परवा विचारलं, "मे महिन्यातच का गं जास्त होतं?" त्याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पायात नेमकं काय बिघडतंय, हे मला समजून घ्यायचं आहे. आजार वाढतोय का? पट्टा किंवा स्प्लिंट लावायची वेळ आली आहे का? आणि काठी घेतलीच तर कोणत्या हातात?

खाडीपलीकडे

माझ्या वडिलांना पक्षाघातानंतर असंच व्हायचं. प्लास्टिकचं स्प्लिंट तयार मिळतं सर्जिकलच्या दुकानात, बुटात घालायचं. त्यांना खूप उपयोग झाला. आजच आणा, पडण्याआधी.

सेक्टर_एकोणीस

ताई, स्प्लिंट आजच आणू नका, आधी हे वाचा. मी २६ वर्षं फिजिओथेरपी करते आहे, नेरूळला. त्या चप्पलवाल्या काकांना माझा नमस्कार सांगा. नवीन पेशंट आला की मी सुद्धा आधी चपला पालथ्या करून बघते.

पहिली गोष्ट, हलगर्जीपणा हा शब्द डोक्यातून काढून टाका. तुम्ही जे वर्णन केलं आहे ते एमएसच्या चालीचं इतकं नेमकं वर्णन आहे की माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला द्यावंसं वाटतं.

एक टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत चालीचं एक आवर्तन होतं. त्यातला साधारण ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के हवेत. हवेतून पुढे येताना अंगठा जमिनीपासून किती वर असतो, असं विचारलं तर लोक तीन-चार इंच सांगतात. प्रत्यक्षात धडधाकट माणसातही सगळ्यात खालच्या क्षणी ते अंतर जेमतेम एक-दीड सेंटिमीटर असतं. घोटा थोडा कमी उचलला, गुडघा थोडा कमी वाकला, की चप्पल घासलीच.

आता पाऊल उचलत नाही म्हटलं की सगळे नडगीच्या पुढच्या स्नायूकडे बघतात. तो पाऊल वर ओढतो हे खरं, आणि तुमचा तो दमत असणारच. पण पाय हवेत जाण्याचं बरंचसं काम तो हवेत जाण्याआधीच झालेलं असतं. मागचा पाय जमीन सोडताना पोटरी चवड्यातून जमिनीला रेटा देते. त्या रेट्याने मांडी पुढे फेकली जाते आणि गुडघा फारसा वेगळा जोर न लावता साठेक अंशांत वाकतो. गुडघा वाकला की पाय तेवढा आखूड होतो आणि अंगठा जमिनीवरून सुटतो. पोटरीचा रेटा कमी पडला तर गुडघा वाकत नाही, पाय लांबच्या लांब राहतो आणि घासतो. म्हणजे घासतो चवडा, पण दोष पोटरीत किंवा खुब्याच्या पुढच्या स्नायूत असू शकतो. आणि पोटरी ताठर असेल तर तिसरीच गोष्ट. हा ताठरपणा वेगावर अवलंबून असतो, स्नायू पटकन ताणला की तो जास्त आवळतो. म्हणून गाडी पकडायला घाईने निघालात की पाय जास्त अडतो.

प्रयोगशाळेत कॅमेरे आणि दाबपट्ट्या लावून एमएसची चाल मोजतात तेव्हा वरवर नीट चालणाऱ्यांतही हेच दिसतं. पावलं आखूड, वेग कमी, घोट्याचा रेटा कमी, आणि दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळ जास्त. शरीर तोल राखण्यासाठी वेगाचा बळी देतं. आणि तेवढंच अंतर कापायला ऊर्जाही जास्त लागते.

दहा मिनिटांनीच का? मज्जारज्जूतल्या ज्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण गेलं आहे ते थोडा वेळ निरोप पोचवतात, पण एकामागून एक निरोप धाडत राहिलं की काही वाटेतच अडतात. स्नायू शाबूत असतो, त्याला हुकूम पोचत नाही. पाच मिनिटं बसलात की वाट मोकळी होते. 'थकवा' लिहिलं की हे सगळं झाकलं जातं. अंगाला येणारी मरगळ वेगळी आणि चालता चालता चाल बिघडणं वेगळं. एमएसमध्ये दोन्ही असतात, पण मोजायची रीत वेगळी, उपायही वेगळे.

सासूबाईंचा प्रश्न तर फारच छान आहे. विल्हेल्म उटहॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्ये नोंदवलं होतं की श्रम केल्यावर एमएसच्या रुग्णांची नजर तात्पुरती मंद होते. पुढे कळलं की कारण उष्णता आहे. आवरण गेलेल्या तंतूला शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी पुरतं. एमआरआय येण्याआधी निदानासाठी रुग्णाला गरम पाण्यात बसवून बघायचे. ठाण्यातला मे महिना, घाम वाळत नाही अशी दमट हवा, त्यात गोखले रोडवरची गर्दी. चालण्याने अंग तापतं ते वेगळंच. यात मज्जातंतूंचं नवीन नुकसान होत नाही, अंग निवलं की परत येतं. हे सासूबाईंना नक्की सांगा.

बोलताना अडखळण्याचंही कारण आहे. निरोगी माणसाची चाल बरीचशी आपोआप होते, तुम्हाला ती मेंदूतून हाकावी लागते. तेच लक्ष बोलण्याकडे गेलं की पावलाचं कमी पडतं. "लक्ष देऊन चाल" हा सल्ला चुकीचा नाही, पण दिवसभर कोण लक्ष देऊ शकतं?

आता काम. केबिनमधली २५ फुटांची चाचणी जगभर वापरतात. तिच्यात २० टक्के फरक पडला तर तो खरा बदल मानतात. पण ती जेमतेम १०-१२ पावलं बघते. तुमचं दुखणं हजाराव्या पावलावर आहे. म्हणून सहा मिनिटांची चाचणी करा. सपाट जागेवर २० मीटरवर दोन खुणा करा आणि न पडता जमेल तितक्या भरभर येरझारा घाला, प्रत्येक मिनिटाचं अंतर वेगळं लिहा. घरचं कोणीतरी सोबत हवंच. पहिल्या आणि सहाव्या मिनिटाचा बाजूने आणि समोरून व्हिडिओ घ्या, मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर धरून. तो न्यूरोंना दाखवा.

काठी उजव्या हातात. दुबळ्या पायाच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे डावा पाय टेकताना काठीही टेकते आणि खुब्यावरचा भार वाटला जातो. मूठ मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर. बरेच लोक दुबळ्या बाजूलाच धरतात आणि जास्त झुकतात.

एक ताकीद. हा त्रास बसून, गार होऊनही गेला नाही, २४ तासांहून जास्त टिकला, तर वाट बघू नका, न्यूरोंना फोन करा. ताप किंवा लघवीचा संसर्ग आहे का हेही बघावं लागतं, त्यानेसुद्धा जुनी लक्षणं उफाळतात.

खाडीपलीकडे

हे मला माहीत नव्हतं. माझा सल्ला घाईचा होता. पण मग वडिलांना कसा काय चालला?

सेक्टर_एकोणीस

पक्षाघातात अनेकदा घोटा दिवसभर तसाच पडलेला असतो, तिथे कडक स्प्लिंट आधार देतं. ताईंची पोटरी पहिली दहा मिनिटं चांगला रेटा देते आहे. कडक प्लास्टिकने घोटा बांधून टाकला तर उरलेला रेटाही जाईल, पायऱ्या आणि उतार अवघड होतील. त्यांना कदाचित मागे पातळ पट्टी असलेलं लवचीक स्प्लिंट किंवा कार्बनचं लागेल, तेही माप घेऊन. गुडघ्याखाली बसवून नसेला विजेचा हलका झटका देऊन पाऊल उचलणारं यंत्रही असतं. पायाकडची नस शाबूत असल्यामुळे एमएसमध्ये ते चालू शकतं, पण महाग पडतं. तुमच्या वडिलांना बरं वाटलं याचा आनंदच आहे.

मुक्काम_नौपाडा

आठवड्याने लिहिते आहे. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलीने टेपने २० मीटर मोजून खडूने दोन रेघा मारल्या. नवरा घड्याळ घेऊन बरोबर चालत होता, मुलगी मोबाइल धरून जमिनीवर बसली होती.

पहिलं मिनिट ६६ मीटर. मग ६४, ६१, ५७, ५३ आणि सहावं ४९. एकूण ३५०.

सहाव्या मिनिटाचा व्हिडिओ पहिल्यांदा बघितला तेव्हा मी गप्प झाले. मला वाटत होतं फक्त पाऊल घासतंय. पण मी डावा खुबा वर उचलते आहे, पाय सरळ पुढे न आणता बाहेरून अर्धगोल फिरवून आणते आहे, आणि डावा पाय पुढे यावा म्हणून उजवी टाच मध्येच उचलते आहे. यातलं मी एकही जाणूनबुजून करत नाही. रात्री उजवी पोटरी आणि कंबर का भरून येते हे त्या दिवशी कळलं. नवऱ्याने व्हिडिओ तीनदा बघितला. त्यानंतर तो "लक्ष देऊन चाल" म्हणालेला नाही.

रविवारी सकाळी साडेसहाला पुन्हा केलं. गार पाण्याने अंघोळ आणि मानेवर फ्रीजमधला ओला पंचा. पहिलं मिनिट ६७, सहावं ५८. घासलं, पण पाचव्या मिनिटानंतर. अजून एक सांगायचं राहिलं होतं, बेसिनपाशी डोळे मिटून तोंड धुताना माझा तोल जातो. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

सेक्टर_एकोणीस

मुलीला शाबासकी. पहिल्या आणि सहाव्या मिनिटात चौथा हिस्सा गेला, हे २५ फुटांत कधीच दिसलं नसतं. आणि सकाळच्या आकड्यांनी उष्णतेचा वाटा वेगळा काढून दाखवला.

खुबा वर उचलणं, पाय फिरवून आणणं, दुसऱ्या पायाने टाच उचलणं, या तिन्ही शरीराने शोधलेल्या पळवाटा आहेत, पाय लांब राहिला म्हणून. त्या चुका नाहीत. त्यांनीच तुम्हाला आजवर पडू दिलं नाही. पण किंमत उजवी पोटरी मोजते आहे.

बेसिनचा संबंध आहे. पाऊल कुठे आहे, भार कुठे आहे हे तळव्यातून आणि सांध्यांतून मज्जारज्जूमार्गे मेंदूला कळतं. एमएसमध्ये ती बातमी उशिरा पोचते, म्हणून तोल सावरणंही उशिरा होतं. ती उणीव डोळे भरून काढतात. डोळे मिटले की आधार गेला. अंधाऱ्या जिन्यातही हेच होईल. एक हात बेसिनवर ठेवूनच तोंड धुवा आणि न्यूरोंना हेही सांगा.

त्यांना एका गोळीबद्दल विचारा, डॅलफॅम्प्रिडिन. अमेरिकेत २०१० मध्ये एमएसमधल्या चालण्यासाठी मान्यता मिळाली. आवरण गेलेल्या तंतूंतून पोटॅशियमची गळती थोपवून निरोप पुढे जायला मदत करते. सगळ्यांना लागू पडत नाही, थोड्यांनाच चांगला फरक जाणवतो. कधी फिट आली असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर घ्यायची नाही. म्हणून स्वतः आणू नका. पण सुरू केलीच तर आधी आणि नंतर हीच खडूची चाचणी करा, उत्तर तुमच्याच हातात असेल.

व्यायाम बंद करू नका. एकेकाळी एमएसच्या लोकांना विश्रांतीच सांगायचे. १९९६ मध्ये युटा विद्यापीठाच्या गटाने १५ आठवडे आठवड्यातून तीनदा एरोबिक व्यायाम करून घेतला आणि रुग्णांची तब्येत बिघडण्याऐवजी सुधारलेली दिसली. तेव्हापासून वारं फिरलं. तुम्हाला मी चालायलाच लावणार नाही. पंख्यासमोर बसून सायकल, कठड्याला धरून चवड्यांवर उभं राहणं, उताणं झोपून गुडघा पोटाशी. थोडं करायचं, थांबायचं, पुन्हा करायचं. पाय घासायला लागल्यावर रेटून चालत राहिलात तर फक्त घासत चालण्याचा सराव होतो.

घणसोली_२०११

ताई, मला २०११ पासून एमएस आहे. वय ५२. उजव्या पायाला कार्बनचं स्प्लिंट, साडेतीन वर्षं झाली. मॅडमनी शास्त्र सांगितलं, मी रोजचं सांगतो.

स्प्लिंट चपलेत चालत नाही. मागून बंद असलेला बूट लागतो, एक नंबर मोठा, आतला तळ काढता येणारा. आपलं आयुष्य चपलांवर. देवळात काढा, घरी काढा, कोणाच्या दारात उभ्याने काढा. मी पहिल्या वर्षी कोपिनेश्वराच्या दाराशी बूट काढायला वाकलो आणि तोल गेला. आता बसायला जागा असेल तिथेच काढतो, नाहीतर बाहेरूनच नमस्कार करतो. घरात बुटाचा दुसरा जोड ठेवला आहे, बाहेर कधीच न घातलेला. बायकोने आईला समजावलं, आईने मान्य केलं. साडीवर बूट कसे दिसतील वगैरे विचार तुमच्या मनात येतीलच. माझी बहीण म्हणते, पडून हाताला प्लास्टर घातलं तर तेही साडीवर दिसतं.

माझा वेग फार वाढला नाही. वाढलं ते अंतर. नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेत तळ्याकाठी आता मी एका बाकावरून तिसऱ्या बाकापर्यंत जातो, आधी दुसऱ्यालाच बसायचो. आणि चालताना मान वर असते. आधी सतत जमीन बघत चालायचो, मानेचं दुखणं वेगळं.

दुसरं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये एमएसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. तिथेही हेच होईल, चार पावलं चालवतील. व्हिडिओ आणि मिनिटांचा कागद सोबत न्या. कार्ड आल्यावर लोकलच्या दिव्यांग डब्यात चढायला लागलो तेव्हा सुरुवातीला लोक माझ्या पायाकडे बघायचे, कारण सकाळी मी नीट चालतो. एकदा एकाने कार्ड मागितलं, दाखवलं, त्याने स्वतः उठून जागा दिली. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या मुंबई शाखेलाही फोन करा. १९८५ पासूनची संस्था आहे. आपल्यासारखी चालणारी माणसं एका खोलीत बघितली की बरं वाटतं.

मुक्काम_नौपाडा

दादा, तुमची पोस्ट मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, घरातल्या बुटाचं मला आधी सांगायचं होतंस, देवघर सोडून कुठेही घाल.

काल न्यूरोंकडे गेले. मुलीने कागद स्वच्छ लिहून दिला होता. डॉक्टरांनी तो वाचला, व्हिडिओ बघितला आणि मला बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये नेलं. शेवटचा पेशंट होईपर्यंत थांबायला सांगितलं आणि मग सहा मिनिटं स्वतः माझ्या बाजूने चालले. पाचव्या मिनिटाला आवाज आल्यावर म्हणाले, "हे मला आधी ऐकू यायला हवं होतं." फाइलमधलं 'थकवा' खोडून त्यांनी आकडे लिहिले. पोटरी तपासली, थोडी ताठर आहे. एमआरआय ठरल्या वेळेआधी करायला सांगितला आहे, आजार वाढतोय का याचं उत्तर त्यानंतर. गोळीआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी. स्प्लिंटसाठी माप घ्यायला पुढच्या मंगळवारी जायचं आहे, लवचीक प्रकारचं. तोवर काठी, उजव्या हातात. आज ती घेऊन पहिल्यांदा स्टेशनला गेले. तलावपाळीच्या बाजूने वळसा घेतला, मध्ये दोन मिनिटं बसले, दोन गाड्या सोडल्या आणि फलाटावर पोचेपर्यंत एकदाच घासलं.

एकच शेवटचं विचारते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की बूट आणि स्प्लिंट दोन्ही भिजणार. तुम्ही काय करता?

घणसोली_२०११

कार्बनला पाण्याने काही होत नाही, पट्ट्याचं अस्तर ओलं राहतं आणि कातडी सोलते. माप घ्यायला जाल तेव्हाच अस्तराचा जादा संच मागून घ्या. ऑफिसात सुके मोजे आणि जुना टॉवेल ठेवा. पोचल्या पोचल्या स्प्लिंट काढून पुसा, नडगी पुसा, लाल डाग वीस मिनिटांत गेला नाही तर त्या दिवशी परत घालू नका आणि माप घेणाऱ्यांना दाखवा. बुटाचा तळ बघून घ्या, स्टेशनच्या ओल्या लाद्यांवर गुळगुळीत तळ चालत नाही. आणि पावसात काठीचं खालचं रबर दर दोन महिन्यांनी बदला. तुमचे चप्पलवाले काका बसवून देतील.